अकोलकर सरांची हजेरी

अकोलकर सर नावं पुकारून हजेरी घेत नसत. सकाळी साडेसातला आम्ही अकरा जण शवविच्छेदनाच्या शेडबाहेर रांगेत उभे राहायचो. दोन्ही हात पुढे, तळवे वर. सर ड्रॉपरची बाटली घेऊन यायचे. बाटलीत स्पिरिट असायचं. प्रत्येकाच्या बोटांवर, नखांच्या कडेला, मनगटावर ते थेंब थेंब सोडत पुढे जायचे. मात्र त्यांची नजर हातांवर नसायची, चेहऱ्यावर असायची. चेहऱ्यावर जरा काही हललं, की त्या मुलाच्या हाताला जखम आहे हे नक्की.

"चल, बाहेर. गैरहजर."

एवढंच. कुठं लागलं, कसं लागलं, काही विचारायचे नाहीत. जखमेच्या हातानं मेलेल्या जनावराला शिवायचं नाही, हा नियम आमच्या शिक्षणात सगळीकडेच असतो. पण तो असा पाळून घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नसे, आणि सरांच्या विषयात आधीच निम्मी मुलं नापास व्हायची. म्हणून पंधरा दिवसांत आम्ही एक गोष्ट शिकलो. जखम कितीही चरचरली तरी चेहरा हलू द्यायचा नाही. माझा मित्र सांगायचा, "जीभ टाळूला घट्ट लाव आणि समोरच्या भिंतीवरच्या विटा मोज." मला ते लवकर जमलं. याचा मला तेव्हा अभिमानही वाटायचा.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या जिल्ह्यात होतं. शेवटच्या वर्षातले काही महिने मात्र विद्यापीठाच्या नाशिकमधल्या एका छोट्या केंद्रात काढावे लागायचे. दोन वर्गखोल्या, एक प्रयोगशाळा, पत्र्याची शेड आणि एक जीप. विषबाधा, रोगप्रतिकार आणि संसर्गजन्य रोग हे तिन्ही विषय तिथं अकोलकर सर एकटेच शिकवायचे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वडिलांना माझ्या विषयांची नावं सांगता यायची नाहीत. ते आपले गावात अहिराणीत सांगायचे, "पोऱ्या ढोरसना डाक्टर व्हयी ऱ्हायना."

पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "गाव?"

"सटाणा तालुक्यात आहे, सर. म्हणजे गाव लहान आहे, नामपूरच्या..."

"सटाणा. बस."

त्या दिवसापासून मी सटाणा झालो. पैठणी विणणाऱ्या घरातला माझा मित्र येवला झाला. "नावं पास झाल्यावर सांगा," सर म्हणायचे, "तोपर्यंत लक्षात ठेवून मला काय करायचंय?"

मी बोलताना अडखळायचो. प्रत्येक उत्तराची सुरुवात "मला वाटतं" अशी व्हायची. सर तिथंच तोडायचे. "तुला वाटून म्हैस बरी होत नाही, सटाणा. माहीत असेल तर बोल, नसेल तर खाली बस." रोगप्रतिकाराच्या पहिल्याच तासाला त्यांनी समजावलं होतं की लस टोचल्यावर शरीर रोगजंतूची ओळख लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न त्यांनी मला विचारला आणि मी उभाच राहिलो. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "याच्या डोक्यापेक्षा गाढवाच्या रक्ताला जास्त आठवतं." वर्ग हसला. मीही हसलो. न हसलो असतो तर आणखी एक वाक्य आलं असतं.

पण सगळ्यात वाईट असायचं ते विषबाधेचं प्रात्यक्षिक. ज्वारीची कोवळी ताटं खाऊन जनावरांना जी विषबाधा होते, तिला आमच्याकडे किराळ लागणं म्हणतात. सर तेच विष मोजून एका शेळीला द्यायचे आणि फळ्यावर तिचं वजन लिहायचे. ज्याची पाळी असेल त्यानं उताऱ्याच्या औषधाची मात्रा काढून, सुईत भरून, शिरेतून द्यायची. वेळ पाच मिनिटं. "तुझ्या गणितावर ती उभी आहे," सर म्हणायचे. येवल्याचा दशांश चिन्हात घोटाळा झाला. मात्रा दहा पट कमी पडली. शेळी गुडघ्यावर आली, आडवी झाली, पाय झाडून थांबली. सरांच्या खिशात बरोबर मात्रा भरलेली दुसरी सुई होती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

"सर, द्या ना," येवला रडत म्हणाला.

"खेड्यात तुझ्या मागं कोण उभं असणार आहे सुई घेऊन?"

मग त्यांनी येवल्याला शेळीच्या पोटावर हात ठेवून बसवलं. ती गार होईपर्यंत उठायचं नाही. दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं, कान गार, पाय गार, पोट अजून कोमट. त्या दिवशी येवला जेवला नाही. पण त्यानंतर त्याचं दशांश चिन्ह कधी चुकलं नाही, हेही मला सांगायला हवं.

ते असे का होते, ते मला माहीत नाही. कुणी म्हणायचं लग्न मोडलं म्हणून, कुणी म्हणायचं बढती हुकली म्हणून. मला यातलं काही खरं वाटत नाही. ते पहाटे उठून हत्यारं धुवायचे, आमचे फाटके हातमोजे साबणानं धुऊन, पावडर लावून दोरीवर वाळत घालायचे. नवे हातमोजे वरून क्वचितच यायचे. विद्यार्थ्यांना रेबीजची लस आधीच टोचावी म्हणून ते दर वर्षी पत्र लिहायचे, आणि लस येत नसे. पत्राची प्रत भिंतीवर लावून ते खाली लिहायचे, "लस नाही. अक्कल वापरा."

रेबीजबद्दल त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. आमच्या भागात कांद्याच्या हंगामात गाय किंवा म्हैस ढिगातला अख्खा कांदा गिळते. तो घशात अडकतो, जनावर मान ताणतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. मग घरातला कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून कांदा ओढून काढतो. हे आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. पिसाळलेल्या गायीलाही गिळता येत नाही, तिचीही लाळ तशीच गळते. सर म्हणायचे, "लाळ म्हटली की तुमच्या डोक्यात कांदा येतो, कारण तुम्ही नाशिकचे. माझ्या डोक्यात कुत्रं येतं. आधी कुत्रं, मग कांदा. उलटं केलंत तर तुमच्या आयांना मी काय सांगू?"

हे वाक्य मला पाठ होतं. आणि तरी मी उलटं केलं.

त्या एप्रिलमध्ये मी तीन दिवस घरी कांदा कापायला गेलो होतो. उपटलेल्या कांद्याची पात विळ्यानं कापायची. दिवसभर हात चालतो आणि संध्याकाळी बोटांवर बारीक बारीक चिरा दिसतात. सोमवारी सकाळी त्याच हातांनी मी सरांच्या रांगेत उभा राहिलो. स्पिरिट पडलं तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मी विटा मोजल्या. सर पुढे गेले.

त्याच दुपारी नामपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून निरोप आला, गाय पाणी पीत नाही. सरांनी जीप काढली आणि मला बरोबर घेतलं. घराचा मालक, एक वयस्कर शेतकरी, रस्त्यावरच सामोरा आला आणि सरांना ओट्यावर घेऊन गेला. सर तिथं बसून त्याच्या जनावरांची नोंद घेऊ लागले. मला म्हणाले, "सटाणा, गाय बघून ये. लांबून. हात लावायचा नाही."

गोठा मागच्या बाजूला, कांदा साठवायच्या चाळीला लागून होता. तिथं एक बाई एकटीच होती. माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची, त्या घरातली सून. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गायीच्या तोंडात होता आणि ती रडत होती. मला पाहून तिनं हात बाहेर काढला. बोटांना कांदा कापताना लागलेल्या जखमांवर चिंध्या बांधलेल्या होत्या आणि त्या लाळेनं भिजल्या होत्या.

"डाक्टर शेतस का?" तिनं विचारलं.

"शिकी ऱ्हायनू, ताई. काय व्हयनं?"

मी अहिराणीत बोललो तशी तिच्या जिवात जीव आला. "कांदा अडकेल शे," ती म्हणाली. "सकायपशीन पानी पेत नही. ढीग मनाकडथीन उघडा राही गया, भाऊ. सासराले माहीत पडनं ते मनं काही खरं नही."

कांद्याचा ढीग तिच्या हातून उघडा राहिला होता. गाय मेली तर घरात तिला दोष देणार होते. म्हणून सासरा सरांना आणायला रस्त्यावर गेला तेवढ्यात तिनं चोरून हात घालून पाहिला होता.

"मी हात घाला हाई कोनले सांगू नको, भाऊ."

"सांगाव नही, ताई," मी म्हणालो.

मग मी बाही वर केली आणि माझाही हात आत घातला. तिला मदत करावी असं मला मनापासून वाटलं. आणि खरं सांगायचं तर, सर यायच्या आत कांदा काढून दाखवावा असंही वाटलं. आत कांदा नव्हता. जीभ सैल पडली होती, घसा माझ्या बोटांना धरत नव्हता. त्याच वेळी गाय हंबरली. तो आवाज घोगरा होता, मध्येच फाटणारा. तो ऐकून सर ओट्यावरून पळत आले. त्यांना पळताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"मागं! सगळे मागं व्हा!"

तोवर मी हौदावर हात धुतले होते. बाई घागर घेऊन आत गेली होती. सरांनी लांबूनच गायीचे मागचे पाय पाहिले, ते लटपटत होते. त्यांनी विचारलं, महिन्याभरात कुठलं कुत्रं आलं होतं का? सासऱ्याला आठवलं, आलं होतं, गोठ्यात शिरलं होतं.

"तोंडात हात कुणी घातला?"

"कोनी नाही, साहेब. कोन घालंल?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही, सर," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गाय मेली. सर एकटे गेले, आमच्यापैकी कुणाला नेलं नाही. गायीचं डोकं स्वतः कापून आणलं. मेंदूची काचपट्टी रंगवून त्यांनी आम्हाला एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. निळसर पेशींच्या पोटात गडद लाल ठिपके होते. रेबीज.

मग भरदुपारी त्यांनी पुन्हा रांग लावली. थेंब नाही, या वेळी धार सोडली. अकराही चेहरे दगडासारखे. सर थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, आपण आम्हाला काय शिकवून ठेवलंय ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि दोन बोटं एकेकाच्या मानेवर टेकवून नाडी बघत निघाले. माझ्यापाशी थांबले.

"कोणता हात?"

"उजवा, सर."

त्यांनी माझ्या कानाखाली मारली. दुसरा कुणी शिक्षक असता तर तेवढ्यावर थांबला असता. सरांनी लगेच विचारलं, "अजून कोण होतं?"

"कुणी नाही, सर."

हे मी का म्हणालो, याचा मी पुढे खूप विचार केला आहे. मी तिला शब्द दिला होता. तिनं मला भाऊ म्हटलं होतं. शिवाय सर डोकं आणायला गेले तेव्हा, गायीला ज्यानं हाताळलं असेल त्यानं सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यावीत, असं त्या घरी सांगून आले होते. तेवढं तिच्या कानावर गेलंच असणार, ती जाईलच, असं मी धरून चाललो. मग तिचं गुपित उघडं करून सासऱ्याच्या शिव्या तिला कशाला खायला लावायच्या? मला हा माझा चांगुलपणा वाटत होता.

तेव्हा सरकारी रुग्णालयात रेबीजची जी लस मिळायची ती पोटात टोचायची, रोज एक, चौदा दिवस. सर रोज सकाळी मला स्कूटरवरून न्यायचे आणि सुई बाहेर येईपर्यंत खाटेशी उभे राहायचे. धीराचा एक शब्द नाही. "पोट सैल सोड. हिंमत दाखवायची वेळ गेली." सातव्या दिवशी पोट सुजून दगड झालं होतं. मी रडलो आणि विचारलं, "सर, मी मरेन का?"

"ते दोन-तीन महिन्यांत कळेल," सर म्हणाले. आणि त्या चौदाही दिवसांची त्यांनी मला गैरहजेरी लावली. माझी हजेरी कमी पडली, माझं वर्ष गेलं. वडिलांना मी हे कसं सांगितलं, ते इथं लिहीत नाही.

जूनच्या शेवटी एका सकाळी सर माझ्या खोलीच्या दारात आले. "चल," एवढंच म्हणाले. स्कूटर परत त्याच रुग्णालयात गेली, पण या वेळी एका बाजूच्या कोठडीसारख्या खोलीकडे. खिडकीला घोंगडी लावलेली होती. खाटेवर ती होती. हातपाय खाटेला बांधलेले. नवरा उशाशी, सासरा दाराशी. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला तसा तिचा गळा आवळून आला, सगळं अंग खाटेवरून उचललं गेलं, आणि तोंडातून तोच फाटका आवाज आला. मध्ये मध्ये ती शुद्धीवर असायची. ते सगळ्यात वाईट होतं. तिनं मला ओळखलं.

"भाऊ," ती म्हणाली.

सर तिच्याजवळ वाकले. "ताई, त्या गायीच्या तोंडात हात घातला होता का तुम्ही?"

तिनं दाराकडे पाहिलं, सासऱ्याकडे. मग माझ्याकडे.

"नही," ती म्हणाली.

मरत असतानाही ती ढिगाबद्दल घाबरत होती. आणि मी, तिथं उभा राहून, तेव्हाही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्याच्या पुढच्या सकाळी मी शेडमध्ये गेलो. सर सुऱ्या धूत होते. मी म्हणालो, "सर, मला माहीत होतं. मी गेलो तेव्हा तिचा हात आत होता."

सरांनी नळ बंद केला. मला वाटलं मारतील. मारलं नाही.

"स्वतः चौदा टोचून घेताना आठवत होती ती?"

"हो, सर. मला वाटायचं तीही तिकडं घेत असेल."

"वाटायचं," सर म्हणाले.

बराच वेळ ते सुरी पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "मी डोकं आणायला गेलो तेव्हा ओट्यावर बसून चहा प्यालो. ती आत स्वयंपाकघरात होती, बांगड्या ऐकू येत होत्या. सूनबाईंना बाहेर बोलवा, त्यांचे हात बघायचेत, असं म्हणायचं होतं मला. परक्या घरात बरं दिसणार नाही, म्हणून नाही म्हटलं. सासऱ्याला विचारलं, त्यानं कोणी नाही सांगितलं, मी उठलो. पोरांच्या हातावर स्पिरिट ओततो मी, आणि तिथं सभ्यपणा केला." सुरी पेटीत ठेवून ते म्हणाले, "तेरावं झालं की जायचं. दोघांनी. सांगायचं."

"सर, सांगून आता..."

"तुझ्यासाठी नाही सांगायचं. त्यांना कळायला पाहिजे म्हणून सांगायचं."

आम्ही गेलो तेव्हा तिचा नवरा चाळीत बसून सडके कांदे वेगळे काढत होता. त्याचं नाव दिलीप. तिचं नाव निर्मला होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सर उभ्यानंच बोलले. आपण कुणाला विचारलं, कुणाला विचारलं नाही, सगळं. जसे आमच्या चुका वर्गात वाचून दाखवायचे तसेच, एक शब्द न गाळता. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी अडखळत माझं सांगितलं.

दिलीपनं मान वर केली नाही. हातातला कांदा तसाच धरून तो म्हणाला, "माले माहीत व्हतं, सर."

त्यानं तो कांदा सडक्यांच्या ढिगात टाकला.

"तिनी माले त्याच दिन सांगेल व्हतं. मीच बोलनू, आते गप ऱ्हाय, बाबा वरडतीन. चार दिन कांदा निघी जाऊ दे, मंग दवाखानामा जाऊत." त्यानं दुसरा कांदा उचलला. "मंग कांदा निंघना. तिले काही व्हयनं नही. ती बी इसरनी, मी बी इसरनू."

बायकोनं त्याला सांगितलं होतं, आणि चार दिवस कांदा निघू दे, मग जाऊ, म्हणून त्यानंच तिला थांबवलं होतं. पुढे दोघंही विसरले. त्यानं आम्हाला चहाला थांबा म्हटलं. सरांनी नको म्हटलं.

जीप डांबरी रस्त्याला लागल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं. लिहायला लाज वाटते, पण सरकलं. मी म्हणालो, "सर, नवऱ्यालाही माहीत होतं."

सरांनी गाडी बाजूला घेतली.

"बरं वाटलं?"

"थोडं, सर."

"वाटू देऊ नकोस. तो कांदा पिकवतो. रेबीज झाल्यावर माणूस कसा मरतो, हे त्याला आता कळलं. तुला आधी माहीत होतं. मी शिकवलं होतं."

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

त्यानंतर सर बदलले, पण सौम्य झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. ते खेड्यांतही तितकेच वाईट वागू लागले. कुठं संशयित जनावर निघालं की ओट्यावर टेकत नसत. सरळ मागच्या दारानं जायचे आणि ओरडायचे, "घरातल्या सगळ्या बायका बाहेर या. हात दाखवा. तुम्ही पुरुष मंडळी रस्त्यावर जाऊन उभे राहा." एका गावात त्यांना धक्काबुक्की झाली. दुसऱ्या गावानं विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली, बायकांचे हात धरतो म्हणून. वरून खुलासा मागवला गेला. येवला सांगत होता की सरांनी खुलासा एका ओळीत दिला, "हो, धरतो, आणि पुढेही धरणार आहे." त्यांची पुढची बढती त्यात गेली. त्या रुग्णालयात आपल्या माणसांना इंजेक्शनं द्यायला घेऊन आलेल्या कितीतरी घरांनी सरांना शिव्या दिल्या असतील. ती माणसं जगली. आभार मानायला त्यांतलं कुणी आल्याचं मी ऐकलं नाही.

मी पुढच्या वर्षी पास झालो. काठावर. सरांनी एक गुण जास्त दिला नाही.

नोकरीचा हुकूम हातात पडला तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि सर निवृत्तीला आले होते. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यानंतर वर्षभरात ते हृदयविकारानं गेले, मला कळायला उशीर झाला. त्यामुळे ती आमची शेवटची भेट. ते दारातल्या खुर्चीत बसले होते. बाटल्या, सुऱ्या काही जवळ नव्हतं, म्हणून की काय, लहान दिसत होते. मी पाया पडलो. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"कुठं टाकलंय?"

"सटाणा तालुक्यात, सर. नामपूरच्या बाजूला."

"टाकलं, की मागून घेतलंस?"

"मागून घेतलं, सर."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर मी बसमध्ये तयार करून आलो होतो. ते आवडेल असं मला खरंच वाटलं होतं. "तिथल्या बायका आपल्या भाषेतल्या माणसाशी मोकळं बोलतात, सर," मी म्हणालो. "मला त्यांची भाषा येते."

सरांनी पेढा परत डब्यात ठेवला.

"तेव्हाही येत होती," ते म्हणाले.